पाऊस पडायलाय म्हणणाऱ्यांनी रेडिओवर बोलायचंच नाही का?

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळ,
आपल्या तालुक्याचं सामुदायिक रेडिओ केंद्र

नमस्कार,

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्यात रेडिओ एकच आहे, ज्याला कळायचं त्याला कळंलच, आणि कुणाची बदनामी करून मला काय मिळणारे. पण डिसेंबरातल्या नोकरभरतीबद्दल जानेवारीपासून चारदा ऑफिसला येऊन गेले, एकदा लेखी अर्ज दिला (पोच आहे माझ्याकडं), दरवेळी "मीटिंगमध्ये ठेवतो" एवढंच ऐकलं, म्हणून आता सगळ्यांच्या पुढ्यात लिहायलेय. हो, लिहायलेय. लिहितेय नाही. पुढं त्याच्यावरच बोलायचंय.

नव्या मॅनेजरसाहेबांना मी माहीत नसेन. बसस्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे. केंद्र सुरू झालं त्या पहिल्या महिन्यापासून सलग आठ वर्षं बचत गटाचा सकाळचा कार्यक्रम मी करत होते. तेव्हा स्टुडिओ म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची जुनी स्टोअर रूम, आवाज नुसता घुमायचा, फोम आणायला पैसे नव्हते म्हणून भिंतीला गोधड्या ठोकल्या, त्यातल्या सात गोधड्या माझ्या मशीनवर शिवलेल्या, कुणाकुणाच्या घरातली जुनी लुगडी मागून आणून. गेल्या वर्षी फोम बसला, चांगलंच झालं, गोधड्या कुठं गेल्या तेवढं कुणी सांगितलं नाही. मानधन एपिसोडला शंभर रुपये, ते पण दिवाळीला एकदम. त्याची तक्रार तेव्हाही नव्हती. गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप देता देता म्हणायचं, "ताई, परवा तुम्ही बँकेच्या कर्जाचं सांगितलं ना, आम्ही गेलो, झालं काम," तेवढ्यावर माझा आठवडा जायचा.

आता झालं काय ते सांगते, कारण बऱ्याच जणांना माहीतच नाही.

डिसेंबरात केंद्रानं चार पगारी जागा भरल्या. एक समन्वयक, दोन निवेदक, एक टेक्निशियन. पगारी जागा म्हणजे मोठी गोष्ट, इतकी वर्षं सगळं फुकटात नाहीतर मानधनावर चाललेलं. जाहिरात लागली कुठं, तर कॉलेजच्या आतल्या नोटीस बोर्डावर आणि स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. मुदत सहा दिवस. अट काय, तर मास कम्युनिकेशनची पदवी, स्वतःची दुचाकी आणि "शुद्ध व प्रमाण उच्चार". जागा भरल्या आणि फेब्रुवारीत आम्हा जुन्या नऊ जणांना फोन आला की नवं फॉरमॅट येतंय, तुमचे स्लॉट सध्या बंद. पत्र नाही, बैठक नाही, नुसता फोन. एकाला तर फोनही आला नाही, तो बिचारा ठरल्या वेळी स्टुडिओच्या दारात येऊन उभा.

मी जागेसाठी अर्ज केला नव्हता हे आधीच सांगते. मला पगारी नोकरी नको, दुकान सोडून मला जमणार नाही. त्यामुळं "हिला घेतलं नाही म्हणून बोलतेय" असं कुणी म्हणू नये. मी लिहायलेय ते एका पोरीमुळं.

तिचं नाव सांगत नाही, ती नको म्हणाली, पण गोष्ट सांगायला हरकत नाही म्हणाली. आईबाप ऊसतोडीला जातात, ही बीए झालेली, कॉलेजात असताना आपल्याच रेडिओसाठी दोन वर्षं मोबाईलवर एडिटिंग करून द्यायची. मी उसाच्या फडावर फोन लावून बायांशी बोलायचे, त्यात वारा, ट्रॅक्टर, लेकरांची रडारड सगळं यायचं, ते कापून, साफ करून सकाळी सहाला ऐकण्यासारखं करायची ती हीच. डिसेंबरात ती कराडच्या बाजूला फडावर होती, आई आजारी पडली म्हणून बापाचा अर्धा कोयता (नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात) भरून काढायला. तिच्या एका मैत्रिणीनं नोटीस बोर्डाचा फोटो पाठवला, मुदत संपायच्या एक दिवस आधी. पोरीनं फोनवरून अर्ज लिहिला, मुकादमाच्या हातापाया पडून दोन दिवसांची सुट्टी घेतली, रात्रभर एसटीनं आली, सकाळी बसस्टँडच्या नळावर तोंड धुतलं आणि माझ्या दुकानात कपडे बदलून ऑडिशनला गेली.

अर्ध्या तासात परत.

म्हणलं काय झालं. तर कागद दिला होता वाचायला, वृक्षसंवर्धन ही काळाची गरज वगैरे (हे वाक्य मी पण आठ वर्षांत इतक्यांदा वाचलंय की झाडालासुद्धा कंटाळा आला असेल), तो तिनं वाचला, दोन ठिकाणी "पाणी"चं "पानी" झालं. मग म्हणले दोन मिनिटं स्वतःच्या मनानं बोला, हवामानावर बोला. ती म्हणाली, "आमच्याकडं सध्या ढगाळ हाय, तिकडं फडावर तर अवकाळी पाऊस पडायलाय." टेबलामागचे एक सर हसले, आणि म्हणले, "पडायलाय नाही, पडतोय. बेटा, ग्रामीण टोन आहे तुझा, रेडिओला चालणार नाही. थोडी प्रॅक्टिस कर." झालं. तीन मिनिटं. एडिटिंग येतं का, आधी काम केलंय का, कुणी विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत फडावर गेली.

मंडळी, "ग्रामीण टोन" रेडिओला चालणार नाही हे कुठल्या रेडिओबद्दल बोलताय? पुण्या-मुंबईच्या एफएमबद्दल असेल तर त्यांचं ते बघतील, त्यांनी लिलावात पैसे मोजून लायसन घेतलंय. आपल्याला परवानगी मिळाली ती याच टोनच्या नावावर. २००६ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं सामुदायिक रेडिओची जी नियमावली काढली (त्याआधी २००२ ला फक्त शिक्षण संस्थांना मुभा होती, २००६ ला सामाजिक संस्थांना पण मिळाली) त्यात साधं लिहिलंय की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, निम्मा तरी मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा, आणि केंद्राची मालकी न् कारभार ज्या समाजासाठी केंद्र आहे त्याचं प्रतिबिंब असावा. बोली हा शब्द सरकारच्या कागदात आहे. पडायलाय ही मराठवाड्याची बोली आहे, चूक नाही. आमची आजी, तिची आजी, सगळ्या असंच बोलत आल्यात. ज्या बोलीसाठी दिल्लीनं परवानगी दिली त्याच बोलीसाठी तुम्ही पोरगी परत पाठवली.

आणि हवा तरी कुणाची? १९९५ च्या ९ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, भांडण होतं क्रिकेटच्या मॅच दाखवण्यावरून, बंगालची क्रिकेट संघटना विरुद्ध केंद्र सरकार, आणि त्यात कोर्ट म्हणालं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आमच्या पहिल्या ट्रेनिंगला हेच आधी शिकवलं होतं, लहर गावाची, संस्था नुसती राखणदार. आता राखणदारानंच विहिरीला कुलूप लावलं तर बोलायचं कुणाला?

बरं, आता एकेक मुद्दा घेते, राग बाजूला ठेवून.

पहिला, जाहिरातीचा. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात, हे सगळ्यांना माहितीय. पण पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हवामान, परीक्षा, ॲडमिशन आणि नोकरीच्या जागा, ही माहिती बातमीत धरली जात नाही, ती सांगायला पूर्ण मुभा आहे. आपणच नाही का सांगायचो, अंगणवाडी सेविकेच्या जागा, पोलीस भरती, कारखान्याची भरती? मग आपल्याच रेडिओच्या चार जागा आपल्याच रेडिओवर एकदाही का सांगितल्या नाहीत? एकदा जरी सकाळी सातला सांगितलं असतं तर पंचवीस-तीस गावांत कळलं असतं. यावर मला अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. सचिवसाहेब म्हणले, "नियमात तसं कुठं लिहिलंय?" नसेल लिहिलं.

ट्रेनिंगमध्येच एका सरांनी अमेरिकेचं सांगितलं होतं, मी नंतर शोधून वाचलं. तिथं १९६९ पासून रेडिओ स्टेशनांना समान संधीचा नियम आहे. मधे १९९८ ला कोर्टानं त्याचं जुनं रूप रद्द केलं, मिसुरी राज्यातल्या चर्चच्या रेडिओची केस होती, मग २००२ ला नवीन घडण केली. आताचा नियम असा की ज्या स्टेशनात पाच किंवा जास्त फुलटाइम माणसं आहेत त्यांनी प्रत्येक फुलटाइम जागेची खबर लांबवर पोचवायची, ज्या संघटनांनी "आम्हाला कळवा" म्हणून नाव दिलंय त्यांना कळवायचं, आणि वर्षातून एकदा कुठली जागा भरली, कुठं कुठं कळवलं, माणूस कुठून आला, याचा अहवाल लोकांना बघता येईल असा ठेवायचा. वर रोजगार मेळावे, इंटर्नशिप, शाळा-कॉलेजात जाऊन माहिती देणं असलेही उपक्रम दर दोन वर्षांत ठरावीक करायचे. अमुकच माणूस घ्या असं तिथलं सरकार सांगत नाही, कोर्टात तेच तर अडकलं होतं. जागा आहे हे सगळ्यांच्या कानावर जाऊ द्या, एवढंच सांगतं. आपल्याकडं पगारी माणसं चारच, म्हणजे तिथंही आपण पाचाच्या खाली म्हणून सुटलो असतो, हे मी कबूल करते. पण सुटका शोधायची की काम करायचं ते आपण ठरवायचं ना. आपली आकाशवाणीसुद्धा नैमित्तिक उद्घोषक घेताना जाहिरात काढते, लेखी परीक्षा घेते, स्वरचाचणी घेते. त्या लोकांचे पण हाल आहेत, महिन्याला मोजून सहा ड्युट्या, पण निदान बाहेरच्या माणसाला अर्ज करता येतो.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचतो. दसरा झाला की आपला निम्मा तालुका ऊसतोडीच्या गाडीत बसतो. कोयता, भांडी, लेकरं, म्हातारी, शेळी सगळं घेऊन. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं मधेच यायची सोय नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, गुढीपाडव्याच्या मागंपुढं, ते लोक इथं नसतात. गावं ओस, शाळेत चार लेकरं, घरात म्हातारे. आणि नेमकी भरती काढली डिसेंबरात! मुद्दाम काढली असं मी म्हणणार नाही. मला वाटतं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि तेच वाईट आहे, कारण ज्या रेडिओच्या डोक्यात ऊसतोडीचा हंगाम येत नाही तो या तालुक्याचा रेडिओ कसा?

तिसरा, गावात जाणं बंद झालंय. आधी महिन्यातून तीनदा तरी रेकॉर्डर घेऊन आम्ही वस्तीवर जायचो, जीप नसली तर माझ्या स्कूटीवर. बंजारा तांड्यावर त्यांच्या गोरबोलीतला अर्धा तास व्हायचा, तिथल्याच दोन बाया करायच्या, आम्हाला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण त्या दिवशी तांड्याच्या माळावर जो मोबाईलभोवती घोळका व्हायचा तो बघण्यासारखा असायचा. आपली परवानगी शंभर वॅटची, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी, टॉवरची उंची तीस मीटरच्या आत, आवाज जातो पाच-दहा किलोमीटर आणि मधे डोंगर आला की तोही नाही. त्या तांड्याला तर खाली रेडिओची रेंज येतच नाही, पोरं वरच्या माळावर जाऊन ऐकायची. इतक्या लहान रेडिओचं बळच काय, तर जवळ जाऊन बोलता येतं. ते बळ डिझेलच्या खर्चापायी सोडून दिलं.

एक दिवस मी दुकानात वही घेऊन बसले. सकाळी सहा ते दहा रेडिओ लावून ठेवला, एकीकडं शिवत होते, एकीकडं लिहीत होते. चार तासांत तालुक्यातल्या माणसाचा आवाज, निवेदक सोडून, एकोणीस मिनिटं. त्यातले सात मिनिटं अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाकी हिंदी गाणी, मराठी गाणी, कुठून तरी उतरवलेल्या आरोग्याच्या टिपा. एका दिवसावरून सगळं ठरवू नये हे मला पण कळतं. मग तुम्हीच मोजा. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियमच आहे, रेकॉर्डिंग तुमच्याकडं असणारच. निम्मा मजकूर लोकांचा निघाला तर मी जाहीर माफी मागीन, तुमच्याच माइकवर.

चौथा, जिन्याचा. छोटा आहे, पण लिहिते. स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्याकडं एक भारूड म्हणणारे बाबा होते, डोळ्यानं अधू, आणि एक पोरगा पोलिओ झालेला, मिक्सरवर हात असा की बघत राहावं. त्याला आम्ही उचलून न्यायचो. तो लाजायचा, मग यायचाच बंद झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण करून जाहीर करावं असं म्हणलंय. आपलं आहे का? खाली ग्रंथालयाशेजारी एक खोली रिकामीच आहे, त्यात जुनी बाकडी पडलीत.

पाचवा, समितीचा. २०२४ च्या फेब्रुवारीत नवी नियमावली आली, त्यात सल्लागार न् कार्यक्रम समिती हवी आणि तिच्यात निम्म्या तरी बाया हव्यात असं आहे. आपल्या समितीत कोण कोण आहे ते मला आठ वर्षं काम करून माहीत नाही. एका बाईंना मी विचारलं, त्यांचं नाव कागदावर आहे असं ऐकलं होतं, तर त्या म्हणल्या, "हो का? सही घेऊन गेले होते एकदा."

आता तुमची बाजू. पैशाची अडचण खरी आहे, ती मी डोळ्यांनी बघितलीय. लाइट बिल, टॉवरची देखभाल, सरकारी जाहिरातीचे पैसे वेळेवर येत नाहीत, दुकानदार म्हणतो रेडिओ ऐकतं कोण. पण त्याच २०२४ च्या नियमावलीनं जाहिरातीची वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा केली, दर दहा सेकंदाला बावन्न रुपये होता तो चौऱ्याहत्तर केला. म्हणजे थोडा श्वास घ्यायला जागा झाली, आणि त्यातूनच बहुतेक या चार पगारी जागा निघाल्या. चांगली गोष्ट आहे. पैसा समाजाच्या नावावर आला तर त्यातली एक तरी भाकरी समाजाच्या ताटात पडावी एवढंच.

आणि आमची चूक पण सांगते, नाहीतर मोठ्या तोंडानं बोलल्यासारखं होईल. सुरुवातीला माणसं पाहिजे होती तेव्हा मी माझ्या जावेला घेऊन आले होते, कुणालाही न विचारता. ती चांगलं करायची, पण आली माझ्या ओळखीनं. दुसऱ्या एकानं भाचा आणला. तेव्हा पगार नव्हता म्हणून कुणाला काही वाटलं नाही. म्हणजे ओळखीनं माणूस आणायची सवय नव्या मॅनेजरांनी लावलेली नाही, आम्हीच लावलेली आहे. ती मोडायची असंल तर नियम पाहिजे, माझ्या चांगुलपणावर किंवा तुमच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही.

कुणी म्हणंल अशा माणसांच्या भरवशावर रेडिओ चालतो का. चालतो. इथून गाडीनं गेलात तर एका दिवसात पोचाल, तेलंगणात जहिराबादकडं संघम रेडिओ आहे, २००८ ला सुरू झाला, दलित शेतकरी बाया चालवतात, त्यांच्याच तेलुगूत, बियाणं, सण, गाणी, सगळं. आपल्याकडं साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, माणदेशी बायांच्या संस्थेनं उभी केलेली. त्यांनी बायांना आधी प्रमाण भाषेची प्रॅक्टिस करून या म्हणलं असतं तर झालं असतं का काही?

तर आमचं मागणं काय. आमचं म्हणजे माझं आणि खाली सह्या केलेल्या एकतीस जणांचं, त्यात जुने निवेदक आहेत, दोन अंगणवाडी ताया आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत, तांड्यावरच्या सहा बाया आहेत.

इथून पुढं कुठलीही जागा, पगारी असो मानधनाची असो, आधी आपल्या रेडिओवर पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ सांगायची, गोरबोलीत पण. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बसस्टँडवर, बचत गटांच्या ग्रुपवर टाकायची. खर्च शून्य आहे.

दसरा ते पाडवा भरती काढायची नाही. अगदीच अडलं तर फडावरच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची आणि फोनवर मुलाखत द्यायची सोय ठेवायची.

"शुद्ध व प्रमाण उच्चार" ही अट काढून टाका. त्याऐवजी स्पष्ट कळेल असं बोलता येतं का, समोरच्याला बोलतं करता येतं का, हे बघा. वृक्षसंवर्धनाचा कागद नको, एखाद्या म्हातारीची दहा मिनिटं मुलाखत घ्यायला लावा, कळेल कोण निवेदक आहे ते. कशाला किती मार्क ते आधी सांगा, आणि निवड करणाऱ्यांत कॉलेजबाहेरची दोन माणसं तरी असू द्या, त्यातली एक बाई. पदवीची अट टेक्निशियनला ठेवायची तर ठेवा, निवेदकाला कशाला?

समितीची नावं रेडिओवर वाचून दाखवा. बैठक कधी ते पण सांगा.

महिन्यातून दोनदा गावात जायचं, त्यातलं एकदा तांड्यावर, हे वेळापत्रकात लिहा. डिझेल नसंल तर माझी स्कूटी आहे अजून. हंगामात फडावरच्या लोकांशी फोनवर बोलायचा कार्यक्रम परत सुरू करा, तो बंद करायचं काय कारण होतं ते मला आजपर्यंत समजलेलं नाही, त्याला तर खर्च फक्त रिचार्जचा होता.

खालची खोली रिकामी करून तिथं एक माइक आणि मिक्सर लावा.

ज्या नऊ जणांचे स्लॉट बंद केले त्यांचं राहिलेलं मानधन हिशोब करून द्या. माझे नका देऊ हवं तर, पण भारूडवाल्या बाबांचे द्या, त्यांचे अकरा एपिसोड बाकी आहेत.

नव्या चौघांना काढा असं आम्ही म्हणत नाही, हे ठळक अक्षरात समजा. त्यातले दोन निवेदक मी ऐकते, पोरं गुणी आहेत, आवाज छान आहे, मेहनत पण घेतात. त्यांचा यात काही दोष नाही आणि फेसबुकवर त्यांना कुणी बोलू नये ही माझी विनंती आहे. त्यांना आमच्यासोबत गावात पाठवा फक्त, दोन महिन्यांत ते पण पडायलाय म्हणायला लागतील.

आणि ती पोरगी. पाडव्याला ती परत येईल. तिला नोकरी द्या असं मी म्हणणार नाही, मग माझ्यात न् तुमच्यात फरक काय राहिला. पण पुढची जागा निघंल तेव्हा तिची ऑडिशन परत घ्या, नीट घ्या, आणि ज्यांनी ती हसण्यावारी नेली त्यांनी त्या दिवशी टेबलामागं बसू नये.

या पत्राचं उत्तर मला घरी पाठवू नका. रेडिओवर द्या, सकाळी सातला, माझ्या जुन्या वेळेला. बाया तेव्हा चुलीपुढं असतात, ऐकतात. तांड्यावर रेंज येत नाही, तिथं काय उत्तर आलं ते मी संध्याकाळी स्कूटीवर जाऊन सांगून येईन.

आपली,
जुनी निवेदिका आणि गोधड्यावाली
(सोबत एकतीस सह्या, मूळ प्रत केंद्राच्या ऑफिसात दिली आहे, यावेळी पण पोच घेतलीय)